उंच जीप आणि मामींचा गुडघा

हा किस्सा मी स्वतःच सांगून टाकतो. मी नाही सांगितला तर माझी बायको सुनंदा सांगते, आणि तिच्या तोंडून ऐकलात तर तुम्ही परत माझ्या घरी चहाला यायचे नाही. मूर्ख मी दोन्हीकडे ठरतो, पण माझ्या सांगण्यात जरा कमी.

तर आमच्याकडे एक जीप आहे. जुनी, उघडी, पाऊस आला की वरून ताडपत्री टाकायची. कराडशेजारच्या मलकापुरात माझं ठिबकच्या पायपांचं दुकान आहे, त्या पायपांची बंडलं शेतावर पोचवायला घेतलेली. दहा वर्षं तिनं निमूट काम केलं. मग मी त्या ग्रुपात गेलो.

ग्रुप म्हणजे मोबाइलवरचा. कराड-सांगलीकडचे हौशी जीपवाले. नाव 'चिखलवीर'. दर रविवारी ही मंडळी नदीकाठी जातात, गाडी मुद्दाम चिखलात घालतात, दुसऱ्या गाडीनं ओढून काढतात आणि मिसळ खाऊन घरी येतात. आमच्या वडिलांची अख्खी हयात उसाची गाडी चिखलात रुतू नये म्हणून देवाला हात जोडण्यात गेली, आणि आम्ही सुट्टी काढून रुतायला जातो. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

ग्रुपचे म्होरके म्हणजे सांगलीचे हळदीचे व्यापारी, अण्णा. त्यांच्या गाडीचे टायर माझ्या कमरेला लागतील एवढे. ती गाडी सकाळी घरून मार्केट यार्डात जाते आणि संध्याकाळी यार्डातून घरी येते. वाटेत एक स्पीडब्रेकर आहे, तेवढाच काय तो डोंगर. पण एका रविवारी मिसळ खाता खाता अण्णा सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तुमच्या जीपला टायर कुठं हायत? बांगड्या घातल्यायत तिला."

सगळे हसले. मीही हसलो. पण आतून पेटलो.

त्याच आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. माझी सासुरवाडी माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. मामींचा थोरला लेक, म्हणजे माझा मेहुणा हणमंत, फौजेत सुभेदार. अठ्ठावीस वर्षांची नोकरी संपवून तो घरी येणार होता. आता आमच्या भागात फौजी रिटायर होऊन आला की गाव त्याची मिरवणूक काढतं हे तुम्हाला माहीतच आहे. फाट्यापासून देवळापर्यंत, उघड्या जीपमधून, हार, फेटा, बँड.

"जावईबापू, जीप तुमचीच पायजे," मामी म्हणाल्या. "हणमाला पयल्यांदा धाडला तवा त्याच्या एष्टीसाठी मी फाट्यापत्तर चालत गेले हुते, आन् एकलीच माघारी आले. आता त्याच्या शेजारी बसून गावात यायचंय मला. माझा गुडगा वाकत न्हाई. चालीन दिसभर, पर चढाय येत न्हाई. तुमची जीप बुटकी हाय, एक पाय पायरीवर टाकला की आत."

नीट ऐकलंत? जीप बुटकी आहे म्हणून हवी होती. मीही ऐकलं. पण माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की सगळ्या सासुरवाडीसमोर माझी जीप मिरवणार. आणि त्या जीपला बांगड्या.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला, दस्तगीरमामांच्या गॅरेजात. हा मिस्त्री म्हणजे सरळ माणूस. गिऱ्हाईक दुखावेल म्हणून गोड बोलणं त्याला जमत नाही.

"मोठं टायर बसवायचं तर गाडी उचलाय लागंल," मामा म्हणाले.

"उचला."

"ही बाजूची पायरी मग अधांतरी दिसंल."

"काढा. डोंगरात दगडाला लागते ती."

मामांनी पान्हा खाली ठेवला. "कंच्या डोंगरात जातायसा?"

मी टायरचा भाव विचारला. मलकापूर ते कराड वाटेत डोंगर नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

गाडी तयार झाली तेव्हा काय दिसत होती म्हणून सांगू. मला आत बसायला दारातली पट्टी धरून उडी मारावी लागली आणि त्यातच मला धन्य वाटलं. मामा दाराशी आले. "एक ऐका. रिकामी गाडी फिरवून खूश हू नका. धा माणसं भरा, स्टेरिंग पुरतं वळवा आन् टायर वर मडगार्डला घासतंय का बघा. वजनानं स्प्रिंगचं पाटं खाली बसत्यात."

"बघतो की," मी म्हणालो. आणि एकटाच बसून मलकापुरात दोन चकरा मारल्या. दहा माणसं कुठून आणू? ग्रुपवर फोटो टाकला, बावीस अंगठे आले. आमची चाचणी झाली.

सुनंदानं मात्र गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आई पाय कुठं ठेवणार?"

"धरू की दोघं."

"पायरी का काढली?"

"दगडाला लागते."

"आईच्या फाट्यावर कुठला दगड हाय?"

बायकांना गाड्यांतलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. मनातच म्हणालो, एवढी अक्कल शिल्लक होती.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. हणमंतला मी महिनाभर फोनवर टायर शिकवत होतो. टायरचा घेर, पकड, वाळूत हवा किती ठेवायची. तो बिचारा पलीकडून "व्हय दाजी, व्हय दाजी" करायचा. मला वाटायचं, जन्मभर बंदूक धरलेला माणूस, त्याला गाडीतलं कुणी सांगितलं असेल?

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी आम्ही वडूजमार्गे निघालो. टायर मोठे झाले की काटा वेग कमी दाखवतो, हे मला त्या दिवशी सुनंदामुळं कळलं. "काट्यावर चाळीस आहे," मी म्हणालो. "मग झाडं एवढी का पळाय लागलीत?" ती म्हणाली.

फाट्यावर अख्खं गाव उभं. बँड लागलेला. हणमंत वर्दीत, छातीवर पदकं, डोक्यावर भगवा फेटा. जीपला झेंडूच्या माळा घातल्या, पुढं 'सेवापूर्ती सोहळा' असा फलक बांधला. हणमंत एका उडीत वर चढला. मग त्यानं वाकून आईला हात दिला.

मामी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी हात वर केला. वरून लेकाचा हात, खालून आईचा हात, बोटाला बोट लागलं. मग त्यांनी पाय उचलला आणि तो पाय ठेवायला जागा शोधू लागल्या. पायरी जिथं होती तिथं त्या पायानं दोनदा चाचपून बघितलं. पायरी सांगलीत दस्तगीरमामांच्या भंगारात पडली होती.

मला त्या क्षणी जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

कुणी प्लास्टिकची खुर्ची आणली, ती डुगडुगली. कुणी दुधाचा क्रेट आणला. दोन पुतणे म्हणाले, "उचलून बसवतो."

"मी काय पोतं हाय?" मामी म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

मग सरपंचांना युक्ती सुचली. एसटीच्या शेडचा ओटा उंच होता, आणि मागून त्याला मातीचा चढ होता. म्हातारीला मागून चालवत ओट्यावर आणायचं, जीप ओट्याला लावायची, की सरळ आत. युक्ती नामी. अडचण एवढीच, की तोवर जीपमध्ये सरपंच चढले होते. सरपंच चढले म्हणून माजी सरपंच चढले. ते दोघं चढले म्हणून सोसायटीचे चेअरमन. मग झेंडेवाले दोघं, फोटोवाला आणि कोण कोण. मोजून दहा झाले. दस्तगीरमामांनी सांगितलेली दहा माणसं अशी आयती मिळाली.

मी स्टेरिंग पुरतं वळवलं. घर्र असा आवाज झाला आणि जीप रस्त्यात आडवी थांबली. पुढं जाईना, मागं येईना. टायर मडगार्डात रुतून बसलं होतं. आणि नेमकी दहिवडीहून येणारी एसटी समोर येऊन हॉर्न वाजवायला लागली.

"जरा वजन कमी करायला पाहिजे," मी हळूच म्हणालो.

सरपंचांनी माजी सरपंचांकडं बघितलं. माजींनी चेअरमनकडं. चेअरमन आभाळाकडं बघू लागले. आधी उतरला तो हलका ठरला, हे कुठल्याही गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळायला लागला.

शेवटी सत्काराचा माणूसच खाली उतरला. हणमंत कडक इस्त्रीच्या वर्दीत गुडघ्यावर बसला आणि चाकाखाली बघू लागला. आणि मी काय करावं? मी त्याला समजावून सांगायला लागलो. "त्याचं काय आहे भाऊ, वजनानं पाटे बसतात, मग टायर..."

"व्हय दाजी," तो म्हणाला. मग हात झटकून उठला. "पाटं जुनंच ठेवून उंचीसाठी नुसतं वर ठोकळं दिल्यात. रिकामी असताना बघितलीसा व्हय?"

"तुला कसं कळलं?"

"फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात हुतो की. अठ्ठावीस वरसं हेच केलं."

अठ्ठावीस वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा, तू तिथं करतोस काय?

मग त्यानं एकच शब्द काढला. "उतरा." आवाज चढवला नाही, पण आजी-माजी सरपंच आणि चेअरमन एकाच वेळी खाली आले. जीप हलकी झाली, टायर सुटलं, एसटी गेली.

मी म्हणालो, "आता लावतो ओट्याला."

"ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या. त्यांनी लेकाचा हात धरला. "हणमा, चल चालत. तवा एकलीच माघारी आलते. आज दोघं जाऊ."

आणि ती दोघं चालायला लागली. सुभेदार आईच्या चालीनं, एकेक पाऊल. मागं सगळं गाव. सुनंदा रडत होती. मी पण रडलो असतो, पण मला गाडी चालवायची होती. हणमंतनं बजावलं होतं, "दाजी, रिकामीच चालवा, वळणावर हळू."

तर मिरवणूक अशी निघाली. पुढं बँड. बँडमागं झेंडूनं मढवलेली, 'सेवापूर्ती' लिहिलेली उंच जीप, आणि तिच्यात मी एकटा. खरा फौजी पार मागं, गर्दीत, दिसतसुद्धा नव्हता.

पहिल्याच घरापाशी एक म्हातारी ओवाळायला ताट घेऊन उभी होती. डोळ्यांना जाड भिंगं. तिनं हात केला, मला थांबावं लागलं. "वाक रं बाबा, किती उंच बसलायस," ती म्हणाली. मी वाकलो. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, गालावरून हात फिरवला. मी हात जोडले.

"लय सोसलंस रं लेकरा," ती म्हणाली. "कंच्या बॉर्डरवर हुतास?"

"मलकापूर," मी म्हणालो.

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. "तिकडं लय थंडी आसंल."