धोंडुबाईनं वाडा माघारी फिरवला

माझ्या आईविषयी मी बोलायला लागलो की माझी बायको उठून आत जाते. तिला वाटतं, मी बढाया मारतो. मारतो की. ज्यांच्या आया वेळेला गप्प बसल्या त्यांनी मारू नयेत, माझी बसली नव्हती.

धोंडुबाई तिचं नाव. आमचं घराणं जतकडच्या माळावरचं, मेंढरांमागचं. आता थोडीफार शेती आहे, बांधावर चार शेवग्याची झाडं आहेत, पण पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला घर म्हणजे कडी घालून सोडायची एक खोली होती. दसरा झाला की संसार घोड्यांवर लादायचा आणि मेंढरं घेऊन उसाच्या मुलखात उतरायचं, कधी तासगावच्या अंगाला, कधी इस्लामपूरच्या. तिथले शेतकरी खतासाठी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. जिथं उतरू तिथं आमचा वाडा. तीन दगडांची चूल, मेंढरांभोवती लावायची दोऱ्याची जाळी म्हणजे वाघर, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि घरची माणसं, एवढ्यालाच आम्ही वाडा म्हणतो. दोन-तीन मुक्काम झाले की तो उठायचा.

वाडा उठवणं बायकांचं काम. पुरुष मेंढरं घेऊन चरत चरत आडरानानं पुढं जायचे, बायका घोडी लादून वाटेनं जायच्या आणि नव्या रानात आधी पोचून चूल मांडायच्या. आई उंचीला घोड्याच्या पाठीएवढीही नव्हती. पण तिनं लादलेलं ओझं कधी वाटेत सुटलं नाही, हे माझी चुलती रंगुबाई सांगायची. रंगुचुलती आईचं कौतुक सहजासहजी करणारी बाई नव्हती, म्हणून मी ते खरं धरतो.

वाड्याचा कारभार माझ्या आज्ज्याकडं, धुळा त्याचं नाव. शब्दाला पक्का आणि हट्टाला त्याहून पक्का. त्याचा एक नेम होता: उठलेला वाडा मागं फिरवायचा नाही, कालच्या चुलीवर आज भाकरी भाजायची नाही. त्याच्या बापानं एकदा फिरवला होता आणि त्या साली मेंढरांत रोग शिरला, एवढी एकच गोष्ट तो सांगायचा आणि पुढं कुणी वाद घालायचं नाही.

त्या साली वाडा इस्लामपूरच्या अलीकडं कृष्णात नावाच्या शेतकऱ्याच्या रानात होता. माझी थोरली बहीण बनु तेव्हा नुकती दुडूदुडू पळायला लागली होती, बोलणं दोन-चार शब्दांचं. मी अजून जन्माला यायचा होतो, पण ही हकीकत मी इतक्यांच्या तोंडून ऐकली आहे की कुणी चुकीची सांगितली तर मला राग येतो.

सकाळी वाडा उठला. घोडी लादताना कुठल्याही बाईनं हाताशी येईल ते पोर उचलून ओझ्यावर बसवायचं, ही आमची रीत. पोर वाड्याचं, कुणा एकीचं नव्हे. बनु त्या वेळी आज्ज्याच्या खांद्यावर दिसली होती, तेव्हा आईला वाटलं, आज पोरगी मेंढरांबरोबर निघाली. आज्ज्यानं मात्र रोजच्यासारखी तिला बांधापर्यंत नेली आणि खाली ठेवली. कोकरू जसं आईकडं तोंड करून सोडतात, तशी तिला वाड्याकडं तोंड करून सोडली आणि म्हणाला, "जा आयकडं." कोकरू तसं सोडलं की सरळ जातं. जन्मभर तेच केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

दुपारी नव्या रानात मेंढरं पोचली. आईनं सासऱ्याच्या खांद्याकडं बघितलं आणि आज्ज्यानं घोड्यांकडं. कुणी काही विचारायच्या आधीच दोघांनाही कळलं होतं.

माणसं माघारी पळाली. रंगुचुलती तेवढी वाड्यावर थांबली. कृष्णात पलटणीतून पेन्शनीवर आलेला गडी, भल्या मनाचा. त्यानं वस्तीवरची माणसं गोळा केली, उसाच्या फडात सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि "लाईन सोडायची न्हाई, जोरात हाका मारायच्या" असा हुकूम सोडला. पाटात बघितलं, विहिरीत गडी उतरवला. विहिरीत काही नाही म्हटल्यावर आई खाली बसली आणि पुन्हा उठली. ऊस डोक्याच्या वर, पात कापणारी, आणि चारी बाजूंनी आरोळ्या.

त्या आरोळ्या ऐकता ऐकता आईच्या ध्यानात आलं. आमच्या वाड्यावर लांडगा आला की पुरुष असेच ओरडत धावतात. त्या वेळी पोरांनी काय करायचं ते त्यांना चालायच्या आधी शिकवलेलं असतं: असाल तिथं बूड टेकायचं, तोंड मिटायचं, हललात तर मार बसेल. बनुला हे आईनंच शिकवलं होतं. म्हणजे जितक्या हाका जोरात, तितकी पोर गप्प.

ती कृष्णातच्या समोर जाऊन उभी राहिली.

"दादा, माणसं भाईर काढा. कुणी हाक मारू नका."

"आवं बाई, हाक न्हाई मारायची तर पोर घावायची कशी?"

"आमी तिला आरडा झाला की लपायला शिकवलंय. तुमी हुडकताय, आन् ती तुमाला भिऊन बसलीया."

कृष्णातनं हात वर केला आणि म्हणाला, "लाईन मागं घ्या रं. आता हुकूम बाईचा."

मग ती आज्ज्याकडं वळली. आज्जा बांधावर, जिथं त्यानं पोर सोडली होती तिथंच उभा होता.

"मामंजी, वाडा माघारी आणायचा. चूल तितंच, घोडी तितंच, वाघर त्याच खुट्ट्यांवर. दिस बुडायच्या आत मेंढरं हितं पायजेत."

"माणसं कितीबी राहू दे हितं," आज्जा म्हणाला. "उठलेला वाडा मागं फिरत न्हाई. तुला ठावं हाय."

सुनेनं सासऱ्यासमोर मान वर करायची नाही, असा तो काळ. आईनं केली. मला हे सांगताना आजही बरं वाटतं.

"कोकरू आयकडं तोंड करून सोडलं की जातं, कारन आय तितं आसती," ती म्हणाली. "माझी पोर वाड्याकडंच आली आसंल. तवा वाडाच न्हवता. तुमचं चुकलं, माझंबी चुकलं, पोरीचं न्हाई चुकलं. ती पुन्यांदा ईल, तर तितं वाडा पायजे."

आईनं आज्ज्याच्या उत्तराची वाट बघितली नाही. माझ्या बापाकडं, सिद्धूकडं बघून ती म्हणाली, "जावा, वाडा आणा." माझा बाप आपल्या बापाचा शब्द कधी मोडायचा नाही. त्यानं एकदा बापाकडं बघितलं, एकदा बायकोकडं, आणि पायताण हातात घेऊन पळत सुटला.

उन्हं कलताना वाडा आला. रंगुचुलतीनं काही न विचारता घोडी सोडायला घेतली. काळे पडलेले चुलीचे दगड जागेवरच होते, आईनं त्यातच जाळ घातला. घोडी त्याच बाभळीला बांधली. कृष्णात आणि त्याची माणसं लांब बांधावर गप्प बसली. कुणी हाक मारायची नाही, कुणी उसाकडं बघत उभं राहायचं नाही, ज्यानं त्यानं रोजचं काम करायचं. आई भाकरी थापायला बसली. पुढं तिनं मला सांगितलं, तिला इतकी भीती वाटत होती की त्या दिवशी एकही भाकरी गोल झाली नाही.

मेंढरं आली. आमच्या वाड्यावर दिवसाची मोठी घटका हीच. दिवसभर आईवाचून वाड्यावर राहिलेली कोकरं पाजायला सोडतात, मेंढ्या हाका मारतात, कोकरं हाका मारत आपापली आई शोधतात, आणि त्या कालव्यात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. पोरंसुद्धा त्या वेळी जिथं असतील तिथून धावत येतात, कारण कोकरं पाजून झाली की त्यांनाही दुधाचा घोट मिळतो. आईनं आपल्या हातानं वाघर उचलली आणि कोकरं सोडली.

बनु आली. उसातून नव्हे. आली ओढ्याच्या बाजूनं, जिकडं कुणी बघितलंही नव्हतं. रोज यायची तशी चालत आली, मेंढरांच्या पायातून वाट काढत, आणि आईच्या गुडघ्याला धरून दूध मागू लागली. अंगावर कुठं ओरखडा नाही. ओठांना गुळाचा चिकटा, केसांना तेल लावून विंचरलेलं, आणि खांद्यावरून बगलेखाली कुणाचं तरी स्वच्छ जुनं धडुतं गाठ मारून बांधलेलं.

हे कुणी केलं, ते आजतागायत कळलेलं नाही. कृष्णातनं गुऱ्हाळावर विचारलं, ओढ्यापलीकडच्या वस्त्यांवर विचारलं. आपण पोर बघितली, असं कुणी कबूल झालं नाही. कुणी म्हणालं, पोरं पळवणारी बाई असेल आणि आरोळ्या ऐकून घाबरली असेल. कुणी सरळ देवाचं नाव घेतलं. बनुताईला स्वतःला काहीच आठवत नाही, आणि आम्ही फार विचारलं की ती चिडते. आई मात्र एवढंच म्हणायची, "कोण का आसंना, माझ्या पोरीच्या पोटाला घातलं तिनं." ते धडुतं तिनं धुवून बनुलाच झबलं शिवलं.

त्या संध्याकाळी मात्र आईनं बनुला उचललं नाही. ती तिथंच बसली, पोर मांडीत घेतली आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं रडली. बांधावर कृष्णात पटक्यानं तोंड पुसत होता. आज्जा मेंढरांच्या पलीकडं पाठ करून उभा राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही.

सकाळ झाली. घोडी लादून झाली, कुत्री पुढं पळून माघारी आली. एरवी आज्जा नुसता काठी आपटायचा आणि वाडा उठायचा, कुणाला विचारायची त्याला गरज नव्हती. त्या दिवशी काठी हातातच राहिली. चुलीपाशी बनु आईच्या पुढ्यात बसून दुधात कुस्करलेली भाकरी खात होती. आज्जा तिथवर चालत गेला आणि पुरुषांच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यानं विचारलं, "सूनबाई, उठवायचा का वाडा?"

आईनं मान वर केली नाही. "पोरीचं खाऊन होऊ द्या," ती म्हणाली.

बनु सावकाश खाणारी. लादलेली घोडी, मेंढरं, काठ्या टेकून उभे असलेले पुरुष आणि माझा धुळाआज्जा, सगळे तिची थाळी रिकामी व्हायची वाट बघत उभे राहिले.