किसन रामटेकेच्या रिव्हॉल्व्हरचा चाप

पासष्ट साली माझी पोस्टिंग यवतमाळला झाली. कॉलेजातल्या एनसीसीला ड्रिल आणि पॉइंट टू-टू रायफल शिकवायची. सकाळी सहाला फॉलिन, साडेआठला छुट्टी. सतरा वर्षं मुलूख पालथा घातल्यावर सरकारने मला माझ्याच जिल्ह्यात आणून सोडलं. राळेगावकडचं माझं गाव तिथून एसटीने फार लांब नाही. लोक म्हणाले, नशीबवान आहेस. असेन बापा.

शहरातल्या चार शौकीन मंडळींनी तेव्हा नेमबाजीचा क्लब काढला होता. एक वकील, एक डॉक्टर, एक जिनिंगवाले शेठ आणि त्यांचे मेहुणे. मी आर्मरर हवालदार, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारा माणूस, हे त्यांना कुठूनसं कळलं आणि बोलावणं आलं. हवालदार, स्पर्धेसाठी पिस्तूल कोणतं घ्यावं? बोअर कोणता?

मी सांगितलं. नुसती कागदावर भोकं पाडायची असतील तर पॉइंट टू-टू घ्या. झटका नाही, आवाज थोडा, चाप मऊ. नाइन एमएम जोरदार, मॅगझिन भराभर बदलतं, पण मूठ जाड असते आणि दर गोळीला नळी वर उडते, ती खाली आणण्यात वेळ जातो. अडतीस बोअरचं रिव्हॉल्व्हर जड आणि गरीब स्वभावाचं, झटका बेताचा, पण चाप कडक. आधी मॅच कोणती खेळायची ते ठरवा, मग हातात काय बसतं ते पाहा, मग त्याच्या गोळ्या मिळतात का ते पाहा. आणि एकदा घेतलं की त्याच्या पोटात कोणाला हात घालू देऊ नका.

शेठ हसले. म्हणाले, अहो, चाप थोडा हलका करून घेतला तर काय बिघडतं?

मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्यांनी मला बोलावलं नाही, बरंच झालं. पण प्रश्न चुकीचा नव्हता. काय बिघडतं ते मला ठाऊक आहे, आणि ते मी आता सांगणार आहे.

एकसष्ट साली आमची पलटण मैदानी मुलखातल्या एका छावणीत होती. माझं काम कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात. मोर्टार, म्हणजे उखळी तोफांच्या प्लाटूनमध्ये किसन रामटेके नावाचा नाईक होता, राजूरचा. भरती होण्याआधी तो तिथल्या कोळशाच्या खाणीत टोपल्या भरत असे. पलटणीत आपल्या मुलखातल्या माणसाला ग्राईं म्हणतात. आख्ख्या पलटणीत माझा ग्राईं म्हणावा असा हा एकच. छप्पन सालानंतर त्याच्याही घरी जय भीम आणि माझ्याही घरी जय भीम, त्यामुळे बोलायला सोपं जायचं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. थट्टेखोर इतका, की परेडवरही स्वतःचे ओठ न हलवता दुसऱ्याला हसवून शिक्षा खायला लावायचा.

त्याचा हात मात्र हलत नसे. मोर्टार डिटॅचमेंटच्या कमांडरला रिव्हॉल्व्हर मिळतं, त्यावर त्याची सालाना फायरिंग झाली आणि कॅप्टन साहेबांनी निशाण्याचा कागद पाहिला. साहेब पिस्तूल टीमचे अधिकारी होते. डिव्हिजनच्या सर्व्हिस पिस्तूल मॅचची ट्रॉफी पलटणीकडे कधीच आली नव्हती, आणि ती आणायचीच असा त्यांनी ध्यास घेतला होता. मला बोलावून म्हणाले, याच्यासाठी हत्यार निवड.

मी कोतमधल्या टेबलावर कांबळं पसरून तीन हत्यारं ठेवली. पॉइंट टू-टू तर या मॅचला चालतच नव्हतं, पण हात कळावा म्हणून ठेवलं. किसनने ते उचललं, हसला, म्हणाला हे तर खेळणं हाय. नाइन एमएम त्याच्या मुठीत मावेना. बोटं आखूड होती त्याची, खाणीत एकाचं टोकही गेलेलं. अडतीस बोअर हातात घेतल्यावर मात्र त्याने दहा मिनिटं खाली ठेवलं नाही. आम्ही तेच ठरवलं. निवड बरोबर होती, आजही मी तीच करीन.

अडचण चापाची. पंचवीस यार्डांवर दहा सेकंदांत सहा गोळ्या. घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारी मागची हातोडी, अंगठ्याने मागे घ्यायला वेळच नाही, प्रत्येक वेळी नुसता चाप पूर्ण ओढायचा. पहिल्या चार गोळ्या निशाण्याच्या काळ्यात जायच्या, पाचवी आणि सहावी डावीकडे खाली. किसन बोट चोळत म्हणायचा, "उस्ताद, चाप ओढून राह्यलो का विहिरीतून बादली?"

ब्रिगेडला आम्ही थोडक्यात दुसरे आलो, तरी वरच्या, डिव्हिजनच्या मॅचला नाव गेलं. त्या संध्याकाळी कॅप्टन साहेब कोतमध्ये आले आणि म्हणाले, उस्ताद, कुछ करो. एवढंच. लेखी काही नाही, हुकूम नाही. मी पण दूधपीता नव्हतो, काय करायचं ते मला कळलं. नियम होता की हत्यार जसं इश्यू झालं तसंच असलं पाहिजे. तपासणारे नंबर पाहतात, साइट पाहतात, पोट उघडून कोणी पाहत नाही.

मी मेनस्प्रिंग काढली. घोड्याला गोळीवर आपटायची ताकद तीच देते, आणि चाप कडक होतो तोही तिच्यामुळेच. ऑइलस्टोनवर घासून घासून ती पातळ केली. दोन दिवस लागले. काम सुबक झालं. शंभर गोळ्या मारून पाहिल्या, एकही अडली नाही. ऊन होतं, गोळ्या ताज्या होत्या. किसनने चाप ओढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं माझ्यासारखा कारागीर फौजेत दुसरा नाही. माज आला होता मला, दुसरं काय.

ट्रॉफी आली. पलटणीत एक रिवाज होता. जिंकलेलं हत्यार जिंकणाऱ्याच्याच नावावर राहतं, दुसऱ्याला इश्यू होत नाही. किसनच्या रिव्हॉल्व्हरच्या कडीला लाल दोरी बांधली गेली. मूळ स्प्रिंग मी तेलकट कागदात गुंडाळून माझ्या डब्यात ठेवली होती. परत बसवायची, असं रोज मनात यायचं. पुढच्या सालच्या मॅचपर्यंत राहू दे, असंही रोज मनात यायचं.

बासष्टच्या पावसाळ्यानंतर मूव्ह ऑर्डर आली. नेफा, चीनची सरहद्द. आवराआवरीला छत्तीस तास. त्या गडबडीत मी डबा घेऊन मोर्टार प्लाटूनकडे गेलो आणि किसनला म्हटलं, दे ते, वीस मिनिटांचं काम आहे. तो म्हणाला, राहू द्या उस्ताद, हाताले सवय झाली, आता कडक चाप कोन ओढते. मी परत फिरलो. तो नाईक, मी हवालदार. हत्यार त्याचं नव्हतं, माझ्या जबाबदारीचं होतं. मला त्याचं बोलणं गोड लागलं, म्हणून मी फिरलो. हे मी कोणावर ढकलू?

वरची थंडी आम्हाला ठाऊक नव्हती. हत्यारातलं तेल घट्ट व्हायचं. गोळ्या जुन्या लॉटच्या, त्यांच्या बुडाची कॅप, जिच्यावर घोडा आपटतो ती, टणक. ज्या रिव्हॉल्व्हरांच्या स्प्रिंगा धड होत्या ती सगळी चालली.

त्या दिवशी सकाळी सहा चाळीसला मी बटालियन हेडक्वार्टरच्या वायरलेस सेटपाशी होतो. किसनचं मोर्टार पुढच्या धारेवर. सेटवर त्याचा आवाज आला.

"बॉम्ब खतम. ओव्हर."

"पीछे आ जाओ. ओव्हर."

"दो जख्मी हैं. पहले वो निकलेंगे. मैं नाले के मोड़ पर रुकता हूँ. ओव्हर."

"कितनी देर? ओव्हर."

"जितनी लगे. आउट."

सव्वासातला ते दोघे जखमी रांगत, एकमेकांना ओढत पोचले. त्यातल्या एकाने मागे वळून पाहिलं होतं. रामटेके नाल्याच्या वळणावर हात लांब करून उभा होता, चाप ओढत होता, आणि आवाज येत नव्हता. पिस्तूल पाहून समोरचे चिनी आधी आडोशाला गेले. तेवढ्यात हे दोघे नाला उतरले. मग समोरच्यांना उमगलं असावं.

पुढच्या उन्हाळ्यात आमची माणसं वर जाऊन आली. किसन तिथेच होता. रिव्हॉल्व्हर माझ्याकडे तपासणीला आलं, कडीला दोरी तशीच. मी ते उघडलं. सहा गोळ्या, सहाही शाबूत. आणि सहाही कॅपांवर घोड्याची ठोकर, उथळ, नखाने दाबल्यासारखी. मी कोतचं दार लावून घेतलं आणि रडलो. किती वेळ ते माहीत नाही.

किसनचं नाव बहादुरीच्या शिफारशीसाठी गेलेलं होतं. त्या जखमीचं बोलणं कोणी धरत नव्हतं, तो अर्धा बेशुद्ध होता म्हणे. सगळं माझ्या तपासणीच्या कागदावर अडलं होतं. मी साहेबांकडे गेलो, ते आता मेजर झाले होते. सगळं सांगितलं. त्यांनी बाहेरच्या शिपायाला दूर पाठवलं. मग म्हणाले, ठोकर लिहिलीस तर गोळी का सुटली नाही असं विचारतील. स्प्रिंग निघेल. ट्रॉफी जाईल, तू जाशील, मी जाईन. रामटेके परत येणार आहे का?

मी लिहिलं: हत्यार ठीक. अम्युनिशन ठीक. सहा राउंड, फायर केलेले नाहीत. ठोकर लिहिली नाही. खाली सही केली. शिफारस त्याच महिन्यात नामंजूर होऊन परत आली.

यवतमाळला आल्यावर राजूरला न जाण्यासाठी मी सहा महिने सबबी शोधल्या. शेवटी एका रविवारी गेलो. किसनची बायको गिरजा खाणीच्या सायडिंगवर मालगाडीत कोळसा भरायच्या कामाला होती. मी गेलो तेव्हा घरी होती, तूर पाखडत होती. जय भीम झाला. तिने सतरंजी टाकली. मी बसायच्या आतच तिने विचारलं.

"भाऊजी, तुमच्या पलटनीतला वणीकडचा एक जन सुट्टीवर आलता. तो सांगून गेला का त्यायनं गोळीच नाही मारली. भिऊन उभे राह्यले म्हने. सायडिंगवर बाया मले आयकवतेत. खरं हाय का?"

मी सांगितलं. स्प्रिंग, ट्रॉफी, थंडी, ठोकर, सगळं. तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"म्हंजे सहाही खेपा चाप ओढला त्यायनं?"

"सहाही खेपा, वयनी."

"कागदावर काय हाय?"

"फायर केला नाही."

"सही कोनाची हाय?"

"माझी."

ती रडली नाही. मला वाटलं शिव्या देईल, मी तयार होतो. ती म्हणाली, "मले एकटीले सांगून काय होते? मी काय त्यायले वळखत नव्हती? लोकायले काहून नाही सांगत?"

मला जा म्हणाली नाही. मीच उठलो. वणीची गाडी यायला तासभर होता, तो तास मी स्टँडवर उभ्याने काढला.

त्या आठवड्यात मी वर अर्ज पाठवला, सगळं खरं लिहून. उत्तर नाही. दुसरा पाठवला. उत्तर आलं, प्रकरण निकाली निघालेलं आहे. माझी चौकशीसुद्धा केली नाही त्यांनी. शिक्षा झाली असती तर कागदावर काहीतरी हललं असतं. अडुसष्टला पेन्शनवर घरी आलो. राजूरला परत गेलो नाही, काय घेऊन जाणार?

म्हणून आता लोकांना सांगतो. नाईक किसन रामटेके, राजूर, तालुका वणी. बॉम्ब संपल्यावर तो मागे थांबला, त्याची दोन माणसं जगली. त्याने सहाही वेळा चाप ओढला. गोळी सुटली नाही, कारण ते हत्यार मी बिघडवलं होतं, आणि नंतर खोटं मी लिहिलं. या कागदाखालीही सही माझीच आहे, हवालदार देवराव, आर्मरर.