हातातले सामने आणि साउथहॅम्प्टन

आइस हॉकीच्या मॅचमध्ये दर मध्यंतरात बर्फावरून एक मशीन फिरतं. वरचा खरवडलेला थर पोटात घेतं आणि मागच्या दाराने बाहेर नेऊन ओततं. नॉटिंगहॅमच्या आमच्या रिंकमागे, गाड्या लावतात तिथे, हिवाळ्यात त्याचा चांगला ढीग होतो. त्यातला कुठला बर्फ कुठल्या मॅचचा, हे कोणी सांगू शकणार नाही. आमच्या रांगेतले किस्से असेच साचलेत. त्यामुळे एखादा किस्सा मी चुकीच्या सीझनला चिकटवला असेल तर माफ करा. विनू ती चूक काढेलच, आणि बहुतेक त्याचंच बरोबर असेल.

आमची रांग म्हणजे चार खुर्च्या. पहिल्या दोन डॉक्टर विनायक पेठे आणि शैलावहिनींच्या. विनू इथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देण्याचं काम करत होता, आता रिटायर झालाय. तिसरी माझी. मी युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवायचो, म्हणून सगळे मला प्रोफेसर म्हणतात. चौथी माझ्या बायकोची होती. ती गेल्यावर मी खुर्ची सोडणार होतो. विनूने सोडू दिली नाही. आता तिथे निखिल बसतो. तो नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, इथे वर्क व्हिसावर आलाय.

* * *

पहिला पूर्ण सीझन मला पक दिसलाच नाही. पक म्हणजे काळी रबरी चकती, ती इतक्या जोरात जाते की मी बघायला मान वळवेपर्यंत गोल झालेला असायचा. चष्म्याचा नंबर वाढला का, मेंदूचं काही आहे का, अशा शंका घेऊन मी डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. डोळे ठीक निघाले, त्याने काळजी आणखी वाढली.

शेवटी विनूला विचारलं, तुला खरंच पक दिसतो का रे?

तो म्हणाला, "छे! पण मी तीस वर्षं झोपलेल्या माणसांकडे बघून ती कशी आहेत ते ओळखत आलो. तू गोलकीपरच्या चेहऱ्याकडे बघ."

तेव्हापासून मी चेहरेच बघतो. या सवयीचा त्रासही होतो, ते पुढे येईल.

* * *

पेठ्यांची मुलगी दूर दक्षिणेला, साउथहॅम्प्टनला डॉक्टर आहे. तिला दोन लहान मुलं. आईबाबांनी नॉटिंगहॅमचं घर विकून जवळ येऊन राहावं, म्हणून ती कधीची मागे लागली होती. वहिनी एका पायावर तयार होत्या. विनू टाळाटाळ करायचा. एकदा फोनवर तिने अगदीच कोंडीत पकडलं, तेव्हा तो बोलून गेला, "आमची टीम लीग जिंकली की दुसऱ्या दिवशी घर विकायला काढतो."

त्या वर्षी आम्ही तळापासून दुसरे होतो. विनूला वाटलं, आपण आयुष्यभराची सोय करून ठेवली.

पण वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. तोवर त्या मॅचला फक्त विणकाम घेऊन यायच्या आणि बर्फाकडे पाठ करून बसता येत नाही याचं त्यांना वाईट वाटायचं. पुढच्या शनिवारी त्या विणकाम घरी ठेवून आल्या. बसल्या बसल्या मला म्हणाल्या, "प्रोफेसर, ऑफसाइड म्हणजे काय, ते जरा नीट सांगा."

* * *

तेव्हापासून पॉइंट्स टेबलवर वहिनींइतकं बारीक लक्ष कुणाचंच नाही. रविवारी संध्याकाळी त्या टीव्हीवर टेलिटेक्स्ट, म्हणजे नुसत्या अक्षरांतल्या बातम्यांची पानं, लावून बसतात. हॉकीचं टेबल तीन पानांत येतं आणि पानं आपोआप सावकाश उलटतात. एका पानावर आपण, दुसऱ्या पानावर आपले जुने वैरी शेफील्ड. तेवढ्या वेळात कोणी सोफ्यावरून उठलं तरी त्या ओरडतात.

एकदा मी तिथे होतो. मुलीचा फोन आला. विनू म्हणाला, "अगं, नातू बोलतोय तुझा."

वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "त्याला म्हणावं, त्याच्यासाठीच बसलेय!"

* * *

आता थोडं हातातल्या सामन्यांविषयी. सीझनच्या मध्यावर सगळ्या टीम सारख्या मॅचेस खेळलेल्या नसतात. कोणाचे दोन सामने कमी, कोणाचे तीन. त्याला इथे गेम्स इन हँड म्हणतात. विनू हे उरलेले सामने सरळ जिंकले असंच धरून चालतो. त्याच्या हिशोबाने आम्ही दरवर्षी डिसेंबरात चॅम्पियन असतो.

मी त्याला समजावतो की न खेळलेला सामना म्हणजे फक्त एक शक्यता असते. मग तो विचारतो, "बरं, शक्यता किती?" आणि मी अडकतो. जन्मभर मुलांना शक्यता शिकवली, पण स्वतःच्या तोंडून एक ठाम आकडा काढायचा म्हटलं की मी अडचणी मोजत बसतो. गोलकीपरचा गुडघा दुखतोय, नवा कॅनेडियन खेळाडू अजून रुळला नाही, शेफील्डच्या उरलेल्या मॅचेस घरच्या आहेत. शेवटी मी म्हणतो, "शक्यता नाकारता येत नाही."

हे वाक्य आता रांगेत माझ्या नावाने चालतं. निखिलला विचारा, चहा घेणार का? तो म्हणतो, "शक्यता नाकारता येत नाही, काका."

वहिनींनी मात्र एकदा विनूचाच हिशोब काढला. "हातातलं म्हणजे मिळालेलं नव्हे हो. तुमच्या हातात टीव्हीचा रिमोटसुद्धा टिकत नाही."

* * *

आमच्या मागच्या रांगेत मॉरीन बसते. वय माझ्याएवढं, गळ्यात तीन स्कार्फ, मांडीवर ढोल. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला वहिनींनी तिळगुळाचे लाडू आणले होते. पाक बिघडून ते दगडासारखे झाले होते. निखिलने एक खालच्या पायरीवर आपटून पाहिला आणि म्हणाला, काकू, यांनी मॅच खेळता येईल. त्या दिवशी वहिनी पुन्हा त्याच्याशी बोलल्या नाहीत.

मॉरीनने मात्र कौतुकाने एक तोंडात टाकला आणि पूर्ण एक पिरियड, म्हणजे मॅचचा तिसरा हिस्सा, चघळत राहिली. ढोल वाजवायला तोंड लागत नाही, म्हणून निभावलं. तेवढ्यात आपण तीन गोल केले आणि हरत आलेली मॅच जिंकली.

पुढच्या शनिवारी मॉरीनने मागून खांद्यावर टकटक केली आणि हात पुढे केला. वहिनींनी या वेळी मऊ वड्या आणल्या होत्या. मॉरीनने एक चावून पाहिली, नाराजीने मान हलवली. ती मॅच आपण हरलो.

तेव्हापासून वहिनी मुद्दाम पाक बिघडवतात. गेली चाळीस वर्षं त्यांच्या तिळगुळाला लोक नावाजत होते, आणि आता त्या गॅससमोर उभ्या राहून गूळ करपतोय का ते बघत असतात. ऑक्टोबरमध्येसुद्धा!

* * *

या नाताळाच्या सुट्टीत निखिलने कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला. उरलेला सीझन त्याने हजारो वेळा खेळवून पाहिला. तो कसा लिहिलाय हे बघून मला अभिमान वाटला, आणि माझ्या वेळी हे असतं तर आपण शिकवलेलं निम्मं फुकट गेलं असतं, असंही वाटलं. उत्तर आलं ते असं, की साधारण तीनात एकदा आपण लीग जिंकतो.

विनूने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झालं तर मग. आपण त्या एकात राहतो असं धरायचं."

मी तोंड उघडणार होतो. पण याच्यात नेमकी चूक काय, हे मला पटकन सांगता येईना. अजूनही येत नाही.

* * *

आणि आता गेल्या शनिवारची गोष्ट.

आम्ही दुसरे, शेफील्ड एका पॉइंटने पुढे, मॅच आमच्याकडे. जिंकलो तर पहिले, आणि वर दोन सामने हातात. आणखी एक भानगड होती. जुन्या लोकांनी पुढच्या सीझनच्या खुर्च्या जानेवारीतच पैसे भरून राखायच्या असतात, नाहीतर त्या इतरांना मिळतात. मी आणि निखिलने आमच्या राखल्या होत्या. विनू महिनाभर "बघू" म्हणत होता. त्याच दिवशी मुदत संपत होती.

शेवटचं मिनिट. आम्ही एका गोलने पुढे. शेफील्डने आपला गोलकीपर बाहेर काढून एक जादा माणूस हल्ल्याला आणला. वहिनी उभ्या, मॉरीनचा ढोल चालू, निखिल खुर्चीवर चढलेला. मी खाली मान घालून बसलो होतो. मला आमची टीम जिंकायला हवी होती, मनापासून हवी होती. पण जिंकली की पुढच्या वर्षी माझ्या डाव्या बाजूला कोण बसणार, हेही डोळ्यापुढे येत होतं. अशा वेळी माणसाने काय मागावं, हे मला कळेना.

वरून वहिनींचा आवाज आला. "प्रोफेसर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

मी मान वर केली. सवयीप्रमाणे चेहरा पाहिला, पण गोलकीपरचा नाही, विनूचा. तोही खालीच बघत होता.

भोंगा वाजला. आम्ही जिंकलो होतो. आम्ही पहिले! सगळं रिंक नाचत होतं. विनूने स्कार्फ काढून नीट घडी घातली आणि म्हणाला, "अजून अर्धा सीझन आहे. काहीही होऊ शकतं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यासारखं बोलला.

बाहेर पडताना वाटेत तिकिटांची खिडकी लागते. विनू तिच्याकडे न बघता पुढे निघाला. वहिनी थांबल्या. पर्स उघडून त्यांनी आतल्या मुलीला इंग्रजीत सांगितलं, दोन, त्याच जागा, पुढच्या सीझनसाठी.

विनू परत फिरला. "शैला, म्हणजे आपण जात नाही?"

"जातोय ना. एप्रिलमध्ये. हे जिंकोत नाहीतर हरोत. यांच्या भरवशावर बसले तर नातवंडांची लग्नं होतील."

"मग या खुर्च्या कशाला?"

वहिनींनी तिकिटांची पावती पर्समध्ये ठेवली, चेन लावली. "शनिवारी सकाळी साउथहॅम्प्टनहून गाडी आहे. एकदा बदलावी लागते. मी बघून ठेवलीये."

 विनूने घडी घातलेला स्कार्फ पुन्हा उलगडून गळ्यात घातला.

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "आणि प्रोफेसर, स्टेशनवर घ्यायला तुम्ही यायचं, रात्री तुमच्याकडेच मुक्काम. शक्यता किती, ते आत्ताच सांगून टाका."

"शंभर टक्के," मी म्हणालो.