पदराआडचा खोकला

हेवा हा शब्द पुस्तकी आहे. आमच्या बेळगुंदीत त्याला पोटात दुखणं म्हणतात, आणि माझ्या पोटात वर्षभर दुखत होतं. बेळगावच्या विद्यापीठात संशोधकाची एक जागा निघाली होती. मी ती माझीच धरून चालले होते. मिळाली निपाणीच्या मैत्रिणीला.

आम्ही दोघी एकाच सरांच्या हाताखाली, एकाच प्रकल्पावर तात्पुरत्या होतो. काम ऐकायला विचित्रच होतं. लोकांचे खोकले गोळा करायचे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आयुष्य काढून फुफ्फुसं खराब करून घेतलेल्या बायकांचे खोकले मोबाइलवर रेकॉर्ड करायचे, धडधाकट म्हणून बेळगावच्या कॉलेजातल्या मुलींचे घ्यायचे, आणि सगळे कॉम्प्युटरला ऐकवून शिकवायचं, की आवाजावरून आजारी कोण ते ओळख. पुढे खेड्यात डॉक्टर पोचायच्या आधी मोबाइलनेच सांगावं, बाई, एक्सरे काढून घ्या. सरांनी आधीच बजावलं होतं, पक्की जागा एकच आहे, जिचं मॉडेल, म्हणजे जिने शिकवलेला कॉम्प्युटर, सरस तिचं नाव मी पुढे करणार.

सरस माझंच होतं. इतकं, की चुकायचंच नाही. ती मात्र कानात इअरफोन घालून एकेक खोकला ऐकत बसायची. डबा खाताना मी म्हणायचे, “अगं, हे ऐकायलाच मशीन ठेवलंय न्हवं?” ती नुसती हसायची. त्या हसण्याचाही मला राग यायचा. जागा आपलीच, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं. आईने ते शेजारी सांगितलं आणि शेजारणीने गावभर.

शेवटच्या सादरीकरणात तिने सरांसमोर मलाच उभं केलं. म्हणाली, “ओढणी तोंडाला लाव आणि खोक.” मी खोकले. माझ्याच मॉडेलने माझ्याबद्दल निकाल दिला, आजारी. “आता ओढणी काढून खोक.” पुन्हा खोकले. धडधाकट. सगळे हसले, सरही हसले. ओढणीचं टोक हातात धरून मी तशीच उभी.

मग तिने उलगडून सांगितलं. वडीलधाऱ्यांसमोर, परक्यासमोर आपल्याकडची बाई उघड्या तोंडाने खोकत नाही, पदर आपोआप तोंडाशी जातो. वखारीतल्या बायका पदरातून खोकल्या होत्या, कॉलेजच्या मुली मोकळ्या. माझं मॉडेल फुफ्फुसं ऐकतच नव्हतं, पदर ऐकत होतं. हे तुला कसं सुचलं, असं सरांनी विचारलं. “आमची आई वखारीतलीच, तशीच खोकते, सर,” ती म्हणाली. जागा कुणाची ते तिथेच ठरलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या डोक्याचा हेवा वाटलाच, पण तिच्या आईच्या खोकल्याचाही वाटला. मला वखारीतली आई असती तर मलाही सुचलं असतं, असं मी दोन दिवस स्वतःला समजावलं. पण तेही खोटं. आजोबा सोप्यात बसलेले असले आणि फोडणीचा ठसका लागला, तर माझी आईही पदरच लावायची. जन्मभर बघत आले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

जागा मिळाली म्हणून मैत्रिणीने बेळगावच्या मिठाईवाल्याकडचा कुंदा आणला. तो मला कडू लागला असं लिहायला आवडलं असतं, पण चांगलाच गोड लागला.

मी एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागले. काही महिन्यांनी तिचा फोन आला. मॉडेल सुधारायला तिला अशा धडधाकट बायका हव्या होत्या, ज्या पदर लावून खोकतात पण तंबाखूला ज्यांनी कधी हात लावलेला नाही. त्यासाठी तिला बेळगुंदी बरी वाटली. जागा घेतली, आता गावही घ्या! तोंडाने मात्र मी “ये की” म्हणाले.

आईने तिला पोटभर जेवू घातलं, गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि पहिली स्वतः बसली. “माझा घे गं पयला. ठणठणीत हाय मी.” संध्याकाळी ती गेल्यावर आई मला म्हणाली, “लई हुशार पोरगी. तिलाच मिळायला पायजे हुती बघ ती जागा.” माझ्या तोंडावर! त्या दिवसापासून मी मनातल्या मनात एकच म्हणू लागले, हिचं मशीनही एकदा तोंडावर आपटू दे.

मागच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

“मावशीस्नी एक्सरेला घेऊन ये. मी परत परत तपासलंय. तुमच्या गावातल्या सगळ्या बायकांत मशीन एकट्या मावशीस्नीच वेगळं काढतंय.”

“तुझं मशीन चुकलंय,” मी ताडकन म्हणाले. “आईनं तंबाखूला कधी हात न्हाय लावला.”

“चुलीचा धूर हाय न्हवं घरात?” ती हळूच म्हणाली. “चुकलं असलं तर मलाबी बरंच वाटंल. पण ये.”

आईला मी अर्धवटच सांगितलं. तिने ठेवणीतली साडी नेसली, डोक्याला तेल लावलं आणि बसमध्ये खिडकीशी बसली. बेळगाव जवळ आलं तशी म्हणाली, “कशाला तोंड पाडून बसलीस? बघून घिऊ या. एवढी शिकलेली पोरगी म्हणती, म्हंजे तिचं चुकायचं न्हाय.”

आईचा हात धरून मी त्या मशीनचं वाईट चिंतत होते, आजवर चिंतलं त्याहून कितीतरी मनापासून.