बिभीषण आणि नाकाचं चाक

बिभीषणचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्याबद्दल जे वाकडंतिकडं लिहीन, त्यात त्याचा दोष किती आणि माझी जळजळ किती, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

तो खुलताबादच्या पलीकडच्या डोंगराकडचा. घरात मेंढरं. २०१३च्या उन्हाळ्यात चारा मिळेना, तेव्हा त्याच्या वडिलांनी, कारभारींनी, सगळी मेंढरं विकली आणि हा पंचविशीतला गडी शहरात आला. चिकलठाण्याला तेव्हा जिकडे पाहावं तिकडे इमारती उठत होत्या. वर्षभर त्याने विटा वाहिल्या. मग विमानतळालगतच्या आमच्या छोट्याशा वैमानिक शाळेत हेल्पर म्हणून लागला. काम एकच. चार आसनी विमानाच्या नाकाखाली जे चाक असतं त्याला टो-बार नावाचा लोखंडी दांडा अडकवायचा, सकाळी विमान ओढत बाहेर काढायचं आणि संध्याकाळी ढकलत हँगरमध्ये ठेवायचं.

ऐकायला हमालीच. पण त्याच्या आधीच्या माणसाने ते चाक मर्यादेपलीकडे वळवून दोनदा मोडलं होतं. बिभीषणने एकदाही नाही. "ह्याच्या पुढं नेलं तर मान मुरगळती त्याची," म्हणायचा आणि बरोबर तिथंच थांबायचा. आमच्या मुख्य प्रशिक्षक सुकेशनी मॅडम त्याला 'बिभीषणराव' म्हणत. मला नुसतं 'याह्या'. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठ्या, शिकलेल्या माणसाला.

मी शाळेचा सिम्युलेटरवाला. खरं तर मला वैमानिकच व्हायचं होतं. लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही म्हणून डॉक्टरांनी नापास केलं. मग कॉम्प्युटर शिकलो आणि शाळेच्या एका खोलीत तीन पडदे, एक खुर्ची आणि पायाखाली पेडल असं खोटं विमान उभं केलं. नऊ वर्षं मी ते चालवलं. खऱ्या विमानात डावीकडच्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या, खुर्चीवर मात्र एकदाही बसलो नव्हतो.

२०१६ साली हर्सूलचा तलाव आटून तळाला भेगा पडल्या. टँकरच्या पाण्याने विमानं कोण धुणार? बिभीषण ती ओल्या फडक्याने पुसायचा. शाळा मात्र वाढतच होती. नवा हँगर झाला तो नेमका इंधन भरायच्या जागेपासून लांब. विमान तिथवर ओढायला तीन माणसं आणि अर्धा तास जाऊ लागला. तेव्हा मॅडमनी ठरवलं की कर्मचाऱ्यांपैकी एकाला इंजिन लावून विमान जमिनीवर चालवायला शिकवायचं. उडवायचं नाही, फक्त चालवायचं. रंगांची अट नाही. जागा एक आणि नावं दोन, माझं आणि बिभीषणचं.

मला वाटलं, खुर्ची आता माझीच. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "याह्या, महिनाभर त्याला तुझ्या सिम्युलेटरवर बसव. त्यालाही संधी नको का?"

म्हणजे माझ्याच स्पर्धकाला मीच तयार करायचं.

पहिल्या दिवशी तो चपला बाहेर काढून आत आला. खुर्चीवर बसला, पेडल दाबलं. पडद्यावरचं विमान झटकन वळलं. त्याने पाय काढला.

"याह्याभाई, एक बोलू का? हे चाक लई लवकर वळायलंय. खऱ्यात पेडल आन चाकाच्या मधी स्प्रिंग हाये. आधी ती ताणती, मंग चाक ऐकतं. विमान उभं आसल तर ऐकतच नाय. हे तर रिक्षावानी झालं."

"तू खऱ्या विमानाचं पेडल दाबलंस कधी?"

"नाय. पर चाक रोज हातानं वळवतो ना."

मला मिरची झोंबली. घरी जाऊन बायकोपाशी, शकीलापाशी, तासभर त्याला नावं ठेवली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "घर आए तो भी उसीकाच जिकर."

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत बसून विमानाचं पुस्तक उघडलं. मेंढपाळ बरोबर होता. पेडलने चाक थोडंसंच वळतं, तेही विमान सरकत असताना. त्याहून जास्त वळायचं तर एका बाजूचा ब्रेक लावावा लागतो. वेग वाढला की नाकावरचा भार कमी होतो आणि चाकाची पकडही. हे सगळं मी सिम्युलेटरमध्ये भरलं आणि चालवून पाहिलं. नऊ वर्षांचा वस्ताद मी, पण विमान पिवळ्या रेषेवर दारुड्यासारखं झोकांड्या खात गेलं. तीनदा प्रयत्न केला, तीनदा रेषा सुटली.

आणि मला स्वच्छ दिसलं की हे चाक बिभीषणला पहिल्याच दिवशी जमेल.

मी ती नवी सेटिंग दुसऱ्या नावाने बाजूला ठेवून दिली आणि जुनं चाक परत बसवलं. जुन्या चाकावर मी राजा होतो.

महिनाभर तो त्या खोट्या चाकावर चुकत राहिला. मी खेकसायचो, "पाय हलका ठेव, कितीदा सांगू?" तो म्हणायचा, "व्हय, याह्याभाई." मला बरं वाटायचं. लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटायचं.

परीक्षेच्या सकाळी आधी मी बसलो. शेजारी मॅडम. खरं इंजिन, खरा पंखा, आणि मी डाव्या खुर्चीत. वळण आलं, सवयीने पेडल हलकेच दाबलं. काहीच झालं नाही. आणखी दाबलं, तरी नाही. घाबरून पूर्ण दाबलं तर नाक एकदम फिरलं. उलटं दाबलं, तर तिकडे. मग ब्रेक. एक चाक डांबर सोडून मातीत उतरलं आणि मॅडमनी इंजिन बंद केलं. मी उतरलो आणि आम्ही विमान ढकलून पुन्हा रेषेवर आणलं.

बिभीषण बसला. विमान आधी थोडं सरकू दिलं. पेडल दाबून चाक ऐकेपर्यंत थांबला, मग हळूच सोडलं. पूर्ण फेरी रेषेवरून मारून त्याने विमान इंधनाच्या जागी नेऊन लावलं. खुर्ची त्याची झाली.

दुपारी मॅडम माझ्या खोलीत आल्या. बिभीषण दारात उभा होता. "नऊ वर्षं करून हे? मुलांनाही हेच शिकवतोस? मला सिम्युलेटर बाहेरून मागवावा लागेल."

नोकरीच जाणार म्हटल्यावर मी बाजूला ठेवलेली सेटिंग लावली. मॅडमनी चालवून पाहिलं. बराच वेळ चालवलं.

"हे अगदी बरोबर आहे. कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. मॅडमना पटलं नसावं, कारण त्यांनी मागे वळून विचारलं, "हो का, बिभीषणराव?"

"व्हय, मॅडम. महिना झाला त्यांनी करून ठिवलंय. तपासून बघत होते."

महिना. म्हणजे त्या दुपारी फडकं घेऊन तो दारावरून गेला असणार आणि त्याने पडद्याकडे पाहिलं असणार. मी नवं चाक बसवलं आणि परत काढलं, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून महिनाभर तो माझी बोलणी खात जुन्या चाकावर बसला होता, आणि आत्ता माझी नोकरी त्यानेच वाचवली होती. इतका हेवा मला त्याच्या खुर्चीचाही वाटला नव्हता.

मॅडम गेल्या. तो दारातच थांबला होता.

"याह्याभाई, विमान हँगरात घ्यायचंय. पंखाच्या टोकापाशी बघायला एक माणूस लागतंय, येता का?"

मी उठलो आणि त्याच्या मागे गेलो.