बाळाबाईचा चांगला शब्द

उचगावात कुणाची सोयरीक जमवायची झाली, तर पत्रिका बघण्याआधी बाळाबाईच्या गिरणीसमोरून जावं लागतं. ही काही रूढी नव्हे, रस्ताच तसा आहे. बस थांबते तिथंच गिरण, गिरणीच्या दारात अंगभर पीठ घेतलेली बाळाबाई, आणि परगावचा माणूस मोटारसायकल थांबवून अमक्याचं घर कुठं म्हणून विचारतो ते तिलाच. पत्ता ती एका वाक्यात सांगते. त्यानंतरचा अर्धा तास फुकट असतो.

बाळाबाईनं आजवर कुणाचंही लग्न मोडलेलं नाही आणि याचा तिला भारी अभिमान. दारू पिणारा तिच्या तोंडी 'चार माणसांत मिसळणारा' होतो. ज्याची नोकरी कुठंच टिकत नाही तो 'घरच्या शेतीवर जीव असलेला', भावकीशी कज्जे खेळणारा 'व्यवहाराला चोख', आणि ज्याच्याविषयी सांगण्यासारखं काहीच सापडत नाही तो 'देवमाणूस'. या देवमाणसांच्या पदरी पडलेल्या सुना पुढं तिच्याच गिरणीत दळण घेऊन येतात. बाळाबाई त्यांचं सगळं ऐकून घेते, संसार म्हटल्यावर चालायचंच म्हणते, आणि दळणाचे पैसे मोजून घेते. आपल्या शब्दावर गावात किती घरं उभी आहेत, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. ते खोटंही नाही. ती घरं आतून कशी आहेत, एवढंच तिला कुणी कधी विचारलेलं नव्हतं.

तिला दिलेली गावातच, त्यामुळं माहेर दोन गल्ल्यांवर. तिथं तिचा पाठचा भाऊ मष्णू. मष्णू बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होता. उकिडवं बसून वाळूचे साचे ठोकायचे, हे त्याचं काम. एका संध्याकाळी तो मोटारसायकलवरून घरी येत असताना एका गोदामाच्या फाटकातून मालट्रक उलटा रस्त्यावर आला. मागं बघायला क्लीनर नव्हता, मागचा दिवाही नव्हता, आणि ड्रायव्हर फोनवर बोलत होता. मष्णूचा उजवा गुडघा चेंगरला. दवाखान्यात बघायला येणारा प्रत्येक जण तो नशीबवान असल्याचं सांगून केळी ठेवून गेला. गुडघा मात्र वाकायचा बंद झाला तो झालाच. आणखी एक ऑपरेशन केलं तर खाली बसता येण्याइतका वाकेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि खर्चाचा आकडा ऐकून मष्णूची बायको मालुबाई खुर्चीतून उठलीच. तेवढा पैसा एकाच वाटेनं येणार होता. ट्रकच्या विमा कंपनीवर बेळगावच्या कोर्टात केस घालायची.

केस घेतली सुनयना कांबळे या वकिलीणबाईंनी. त्या मूळच्या निपाणीच्या, कमी बोलणाऱ्या. मालुबाईला म्हशी सोडून निघता येत नसे, म्हणून तारखेला भावाबरोबर बाळाबाई जायची. ट्रकनं पाय मोडला की कोर्ट पायाची किंमत ठरवतं आणि कंपनी ती देते, अशी तिची सरळ समजूत. वकिलीणबाईंनी ती हळूहळू मोडून काढली. पायाला किंमत नसते. माणसाला असते, आणि तीही त्याच्याजवळ कागद असेल तेवढीच. मष्णूच्या पगाराचा कागद हवा होता. ज्या ठेकेदाराकडं त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली, त्यानं मष्णू नावाचा कुणी माणूस आपल्याला आठवत नाही म्हणून सांगितलं. गेल्या दिवाळीला याच माणसानं मष्णूला मिठाईचा बॉक्स दिला होता, पण मिठाईची पावती नसते. मग वयाचं निघालं. जितकं वय कमी, तितकी पुढची कमाईची वर्षं जास्त धरतात. आधार कार्ड काढणाऱ्यानं अंदाजानं मष्णूला चांगलाच म्हातारा करून ठेवला होता, आणि शाळेचा दाखला शाळेच्या जुन्या कौलांबरोबर कधीच गेला होता. कंपनीच्या वकिलांचा सगळा भर हेल्मेटवर होता. मष्णूनं ते घातलं नव्हतं हे खरं. डोक्यावरच्या हेल्मेटानं गुडघा कसा वाचला असता, हे मात्र वकिलांनी कोर्टापुरतं गुपित ठेवलं.

वकिलीणबाईंची आशा एकाच गोष्टीवर होती. डॉक्टरांच्या दाखल्यात पाय निकामी झाल्याचं जे प्रमाण होतं, ते अख्ख्या माणसाला लावलं की निम्म्याहून खाली यायचं, आणि भरपाईही त्याच मापानं. पण ज्याला उकिडवं बसता येत नाही तो मोल्डर उरत नाही, हे कोर्टाला पटलं, तर गणितच बदलणार होतं. त्यांनी बजावून ठेवलं की कंपनी गावात माणूस पाठवील, शेजाऱ्यांना विचारील, तेव्हा जे आहे तेच सांगा. बाळाबाईनं मान डोलावली. कंपनीचा माणूस म्हणजे टाय लावलेला, बॅगवाला, इंग्रजी बोलणारा, असा तिचा हिशेब होता.

आला तो मोटारसायकलवरून, साध्या शर्टात, डोक्याला टोपी. गिरणीसमोर थांबला आणि मष्णूअण्णांचं घर कुठं, माणसं कशी आहेत, म्हणून त्यानं विचारलं. आता मष्णूचा मुलगा आदर्श लग्नाचा होता. बेळगावात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा, आणि तीन सालं मुली बघूनही त्याचं जमत नव्हतं. त्याच्यासाठी कुणी अनोळखी माणूस आपल्या पायानं चालत यावा, याची सगळी गल्ली वाट बघत होती. बाळाबाईनं गिरण बंद केली आणि पाहुण्याला स्टूल दिलं.

त्यानं आदर्शचं थोडं आणि मष्णूचंच जास्त विचारलं. बाळाबाईला उलट बरं वाटलं. घराणं बघणारी माणसं दिसतात. अपघात झाला होता म्हणे, असं तो म्हणाला, तेव्हा तिला कळलं की कुणीतरी आधीच कान भरले आहेत. जरासं खरचटलं होतं, असं सांगून तिनं ते मिटवलं. आपला भाऊ पहाटे रानात जातो, वैरणीचा भारा स्वतः डोक्यावर आणतो, अजून पोराला कामात मागं टाकील, असं तिनं ऐकवलं. दळणासाठी थांबलेला परशराम कशाला मागं राहतोय? यंदाच्या यात्रेत देवाच्या पालखीला पुढचा खांदा मष्णूचाच होता, असं त्यानं शपथेवर सांगितलं. गल्लीतून जाणाऱ्या आणखी दोघांनीही जाता जाता आपापली भर घातली. आमच्याकडं शेजाऱ्याचं चांगलं बोलायला माणसं एवढी तत्पर क्वचितच असतात.

पाहुणा येतोय ही बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. मष्णूनं काठी दाराआड सारली आणि चौकटीला हात लावून ताठ उभा राहिला. पाहुण्यानं घरी दाखवायला म्हणून घरच्यांचा एक फोटो मागितला, तेव्हा मालुबाईनं नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. चहा झाला, पोहे झाले. नंतर कळवतो म्हणून तो गेला.

कळवलं ते कोर्टात. पुढच्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी अहवाल वाचला. त्यात पहाट होती, वैरणीचा भारा होता, पालखी होती आणि इस्त्रीच्या शर्टातला मष्णू होता. बाहेर व्हरांड्यात आल्यावर वकिलीणबाईंनी फक्त एवढंच विचारलं की या कागदातल्या गिरणीवाल्या बाई कोण. मष्णूनं शेजारी उभ्या बहिणीकडं बोट केलं. आता एकच मार्ग होता. त्या गिरणीवाल्या बाईनं पिंजऱ्यात उभं राहून, आपण खोटं बोललो, हे सांगायचं.

त्या आठवड्यात बाळाबाईच्या गिरणीत पीठ जाडं पडत होतं. भावाचा पाय एका बाजूला आणि आपला शब्द दुसऱ्या बाजूला. सोयरिकीच्या चौकशीत आपण खोटं सांगतो, असं एकदा सरकारी कागदावर चढलं की गावात कुठली सून गप्प बसणार? तिला रात्री जेवण जाईना. मनातून ती भावावरही चिडली होती, कारण काठी त्यानंही लपवली होती. तरी तारखेला तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि गेली.

न्यायाधीशांनी कानडी कळतं का म्हणून विचारलं. बाजाराचं कानडीत येतं, घरचं मराठीतच येतं, असं तिनं कानडीतच सांगितलं. मग कंपनीचे वकील उठले. चौकशीला आलेल्या माणसाला तिनं हे सगळं सांगितलं होतं का? सांगितलं होतं. ते खरं होतं का? नव्हतं. मग का सांगितलं?

"लग्नाचं वाटलं," बाळाबाई म्हणाली.

कोर्टात हसू पसरलं. न्यायाधीशही कागदात खाली बघू लागले. वकिलांना एवढी सोपी बाई बऱ्याच दिवसांत मिळाली नसावी. म्हणजे तुम्हाला खोटं बोलायची सवय आहे, असं त्यांनी विचारलं, आणि ती हो म्हणाली. मग आज खरं बोलताय हे कशावरून?

बाळाबाईनं एकदा भावाकडं बघितलं. मग ती त्याच्याकडं न बघता बोलली.

"सायेब, चांगलं असलं तर रचून सांगाय येतंय मला. जलमभर त्येच केलंय. पर माझ्या भावाला परसाकडला बसाय येत न्हाय, बायको दोन्ही खांदं धरून त्याला बसिवत्या, आणि ह्यो भायेर आल्यावर तासभर कुणाशी बोलत न्हाय. ह्ये कुठली भैण रचून सांगंल?"

हसू थांबलं. वकील खाली बसले. मष्णू मात्र खुर्चीतून उठून उभं राहायची खटपट करत होता, आणि त्याला ते जमत नव्हतं.

परत येताना बसमध्ये तो तिच्याशेजारी बसला नाही. नंतरही कितीतरी दिवस तिच्या गिरणीवरून गेला नाही. मागच्या गल्लीनं, शेतात जाईपर्यंत काठी बगलेत लपवून, दुखणारा पाय ओढत जायचा. बाळाबाईला त्याचा राग येत नव्हता, नुसतं वाईट वाटत होतं. गावात व्हायचं ते झालं. रचना नावाची सून, जिचा नवरा चार माणसांत मिसळणारा होता, दळण न्यायला आली आणि म्हणाली, "आक्का, आमच्या आप्पानाबी तुमीच सांगितलं हुतं न्हवं?" बाळाबाईनं पीठ बांधून दिलं. त्या दळणाचे पैसे तिनं घेतले नाहीत.

निकाल आला. पगार कोर्टानं आपल्या अंदाजानं धरला, कारण ठेकेदाराची स्मरणशक्ती शेवटपर्यंत सुधारली नाही. वय आधार कार्डाचंच राहिलं. हेल्मेट गुडघ्यावर घालत नाहीत, हे मात्र न्यायाधीशांच्या लक्षात आलं होतं. आणि बहिणीची साक्ष स्वाभाविक वाटते, असं लिहून, मोल्डर म्हणून हा माणूस पुरता निकामी झाला आहे, असं त्यांनी मानलं. मागितलं तेवढं मिळालं नाही. ऑपरेशनपुरतं आणि वर थोडं मिळालं.

त्यानंतरच्या मंगळवारी भर दुपारी मष्णू मुख्य रस्त्यानं आला. काठी सगळ्यांना दिसेल अशी हातात. गिरणीसमोरच्या खुर्चीत बसला, पाय रस्त्याकडं सरळ सोडला आणि काठी मांडीवर आडवी ठेवली.

"आक्का, तू सगळंच सांगून टाकलंस," तो म्हणाला. "आता लपवायचं काय उरलं न्हाय. लई हलकं झालं बघ."

बाळाबाईला रडू आलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तोंड आणखीच पांढरं झालं, तसा मष्णू अपघातानंतर पहिल्यांदा हसला. तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. टोपीवाल्या अनोळखी माणसानं परशरामचं घर कुठं, माणसं कशी आहेत, म्हणून विचारलं. परशरामच्या मुलाचं लग्न व्हायचं होतं, आणि परशरामची जमिनीची केसही चालू होती. बाळाबाईनं आधी भावाकडं बघितलं, मग गिरण बंद केली.

"पावणं," ती म्हणाली, "आधी सांगा, लग्नाचं इचारतासा का कोर्टाचं?"

तो गोंधळला. लग्नाचं, म्हणाला.

"मग बसा," बाळाबाईनं स्टूल पुढं केलं. "देवमाणूस हाय."