खापरीवरचा खांदा

आमच्या गल्लीत वबखेतइतकी संशयी बाई दुसरी नाही. बिअरमध्ये पाणी किती घातलंय, हे ती शेजारणीचं तोंड बघून सांगते. शेजारचा चितारी अमेनवा डोंगरातल्या थडग्यांच्या भिंती रंगवायच्या कामावरून सुट्टीला आला की तिच्या दारासमोर बसायचा आणि ती दळत असताना खापरीवर रेघा ओढायचा. हे तिच्या आधी माझ्या लक्षात आलं. मी अर्थातच दोन-चार घरी सांगितलं. विधवा बाई, बिनलग्नाचा चितारी. पुढचं बायकांनी आपापलं रचलं.

वबखेतला शंका आली ती वेगळीच. तिनं खापरी हिसकावली.

"हा चढलेला खांदा माझा! कुणाच्या थडग्यासाठी रे?"

"कोठाराच्या कारभाऱ्याच्या. वहिनी, भिंतीवर कुणीतरी दळणारी लागतेच."

"म्हणजे मेल्यावरही मी त्या ढेरपोट्याचं पीठ दळायचं? आणि माझा नवरा तिकडं पश्चिमेला, मेलेल्यांच्या गावात, उपाशी बसणार?"

भिंतीवरचं माणूस तिकडं जिवंत होतं आणि चितारलेलं काम कायम करत राहतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"ती तुम्ही नाही. नुसतीच बाई आहे."

"मग तिला तुझ्या आईचं तोंड दे."

अमेनवा खापरी उचलून चालता झाला.

सणाला देवाची पालखी निघाली. आपण विचारायचं, देव पुढं सरकला तर हो, मागं गेला तर नाही. वबखेत आडवी उभी राहिली, पण विचारण्याआधी वाकून दांड्याखाली खांदा देणारे कोण ते बघू लागली.

"हा बघा! अमेनवा! देवाला मागं ओढायला बरा मोक्याच्या जागेवर उभा राहिलास!"

पुजारी चिडले, लोक खिदळले. अमेनवाला दांडा सोडावा लागला.

"देवा, कारभाऱ्याच्या भिंतीवर मीच आहे का?"

पालखी पुढं आली. इतकी, की वबखेतलाच मागं सरावं लागलं.

"पुसतो, वहिनी," अमेनवा पडेल आवाजात म्हणाला.

"पुसलंस हे कसं कळणार? मला कोण आत सोडतंय! त्यापेक्षा माझ्या नवऱ्याच्या थडग्यात मला काढ. त्याच्या शेजारी, खुर्चीवर, हातात कमळ. आणि वर नाव लिही. नाव असेल तिथंच मी जाईन. बिननावाची दळू दे हवी तेवढी."

त्यानं काढलं. ती पाठीशी उभी राहून एकेक रेघ बघत होती. मी आपली सोबतीला. नाव वाचायला तिनं कारकून आणला, तो अमेनवाचा मेहुणा निघाला म्हणून दुसरा आणला. त्यानं "वबखेत" असं वाचल्यावर कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

मग पुन्हा कपाळाला आठी. "मी तर खुर्चीत. आमचं दळणार कोण?"

अमेनवानं हळूच माझ्याकडं पाहिलं.

"ही नको," वबखेत म्हणाली. "पीठ कमी भरेल."